नळाचे पाणी आणि शाळेचे वर्ष

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिलच्या आरंभी आपल्याकडच्या शाळांचे नवे सत्र सुरू होते, मुले महिनाभर येतात न येतात तोच उन्हाळ्याची सुटी लागते, आणि अभ्यासाला खरी गती येते ती जूनच्या मध्यानंतर, पहिल्या पावसाबरोबर. या मधल्या काळात इंदुरातील काही शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी ‘वर्षाचा विषय’ ठरवला जातो. पाणी, वारसा, अन्न असा एखादा शब्द निवडायचा आणि भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र या सगळ्यांच्या शिक्षकांनी वर्षभर त्या शब्दाभोवती आपले धडे गुंफायचे, अशी ही योजना असते. योजनेला माझा विरोध नाही. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. परंतु तिची आखणी सध्या ज्या रीतीने होते, त्या रीतीने वर्ष संपताना मुलांच्या हाती रंगीत चार्टांखेरीज फारसे काही उरत नाही. यंदाच्या आखणीच्या बैठका अजून व्हायच्या आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे.

चूक दुसऱ्या कोणाची सांगत नाही. मी विज्ञान शिकवते, आणि काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ‘पाणी’ हा विषय ठरला तेव्हा त्याचा तक्ता मीच केला होता. डावीकडे विषय, वर महिने, आणि मधली प्रत्येक चौकट भरलेलीच हवी असा माझा हट्ट. गणिताच्या शिक्षकांनी टाकी आणि दोन नळांची ती जुनी उदाहरणे दिली, जी ते एरवीही देतच असत. हिंदीत पावसाची कविता आली, इंग्रजीत पावसाचा निबंध आला, सामाजिक शास्त्रात नद्यांची यादी आली. खेळाच्या सरांनी ‘मी काय करू?’ असे विचारले, तेव्हा त्यांच्या चौकटीत ‘पाणी पिण्याचे महत्त्व’ असे लिहून मी मोकळी झाले. संस्कृतच्या बाईंकडे ‘गङ्गे च यमुने चैव’ होतेच. सबंध तक्त्यात ओढूनताणून न बसवलेली तेवढी एक चौकट. वार्षिकोत्सवात मुलांनी निळे कपडे घालून नाच केला, छायाचित्रे निघाली, पालक खूश झाले.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मी सातवीच्या वर्गाला सहज विचारले, की तुमच्या घरच्या नळाला येणारे पाणी कुठून येते? बहुतेकांनी ‘टाकीतून’ असे सांगितले. काहींनी नर्मदेचे नाव घेतले, पण ती आपल्या घरापर्यंत येते कशी, हे कोणालाही सांगता आले नाही. एका मुलाने मात्र नकाशात नर्मदा इंदूरच्या खाली दिसते, मग पाणी वर कसे चढते, असा उलट प्रश्न मला केला. दक्षिण म्हणजे खाली, हा त्याचा समज चुकीचा होता. पण पाणी खरोखरच खालून वर येते, त्यामुळे चुकीच्या वाटेने का होईना, तो नेमक्या जागी येऊन पोहोचला होता. आम्ही दहा महिने ‘पाणी’ हा शब्द गिरवला होता, आणि ज्या प्रश्नावर सबंध वर्ष उभे राहिले असते तो प्रश्न एका मुलाने शेवटच्या आठवड्यात विचारला.

वर्षाचा विषय हा शब्द नसावा, प्रश्न असावा, एवढेच मला सांगायचे आहे, आणि पुढचे सगळे त्याचाच विस्तार आहे. शब्द दिला की प्रत्येक विषय आपल्या नेहमीच्या धड्यावर त्या शब्दाचा रंग चढवतो. प्रश्न दिला की कोणत्या विषयाने आधी बोलायचे, कोणी नंतर आणि कोणी गप्प बसायचे, हे त्या प्रश्नावरूनच ठरत जाते.

‘आपल्या नळाचे पाणी येते कुठून आणि जाते कुठे?’ हाच प्रश्न घेऊ. १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी मिळते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे ते उचलले जाते आणि सुमारे सत्तर किलोमीटर दूर आपल्यापर्यंत आणले जाते. मंडलेश्वर समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि मध्ये विंध्याचा घाट याहूनही उंच आहे. घाट बाजूला ठेवून केवळ चारशे मीटरचा फरक धरला, तरी हजार लिटर पाणी तेवढे वर चढवायला किमान एक युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंपातला आणि नळांतला नाश वेगळाच. शहरी पुरवठ्यासाठी दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. चौघांच्या घराचे पाणी नुसते इथवर चढवण्यासाठी रोज निदान अर्ध्या युनिटाहून अधिक वीज खर्च होते, हे आठवीच्या मुलाला स्वतः मांडून काढता येते. यात विज्ञानही आले, गणितही आले आणि भूगोलही, पण ‘आता गणिताची चौकट भरू’ असे कोणाला म्हणावे लागले नाही.

दुसरा अर्धा प्रश्न मला याहून सुरस वाटतो. वापरलेले पाणी जाते कुठे? आपण जिला वर्षानुवर्षे ‘खान नाला’ म्हणून नाक मुरडत आलो, ती कान्ह नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागला गंगेला. म्हणजे जे पाणी आपल्या वाटेने अरबी समुद्राला मिळाले असते, ते आपण विंध्यावर चढवतो, त्याने भांडी घासतो आणि बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावतो. इंदूर नर्मदेच्या खोऱ्यात नाहीच, ते गंगेच्या खोऱ्यात आहे, ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा मुलांचे, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांचेही, चेहरे बघण्यासारखे होतात. महूजवळ जानापावच्या डोंगरावर चंबळेचा उगम आहे. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या बाजूचे पाणी चोरल नदीतून नर्मदेला जाते. जलविभाजक हा शब्द पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा तिथे उभे राहून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघावे. शाळांच्या सहली महेश्वरला जातातच. अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट बघून, साड्यांचे माग बघून मुले परत येतात. तिथून जवळच असलेल्या जलूदचे पंपघर पाहण्याची परवानगी वेळेवर मागितली, तर त्याच सहलीच्या खर्चात वर्षाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आखणीत दुसरी गोष्ट येते ती पंचांगाची. आमच्या तक्त्यात पावसाची कविता जानेवारीत आली होती, कारण पुस्तकात ती शेवटून तिसरी होती. प्रश्नाला धरून चालायचे तर पाठ्यपुस्तकातील धड्यांचा क्रम बदलण्याची मोकळीक शिक्षकाला हवी, आणि ती घेता येते. धडे गाळायचे नाहीत, फक्त त्यांची जागा बदलायची आहे. पाऊस मोजायचा तर जुलै ते सप्टेंबर. गणपतीची मूर्ती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिसची, आणि ती विसर्जनानंतर पाण्याचे काय करते, हे भाद्रपदात. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर, ज्यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, तिथले पक्षी हिवाळ्यात. आणि बोरिंग कोरडी का पडतात, हा धडा सत्राच्या अखेरीस, जेव्हा वसाहतींमध्ये टँकर फिरू लागतात तेव्हा.

पावसाच्या मोजमापाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण माझे स्वतःचे मत तिथे बदलले. त्या फसलेल्या वर्षानंतरच्या जूनमध्ये मी, गणिताचे शिक्षक आणि सामाजिक शास्त्राच्या बाई अशा तिघांनी फारसा गाजावाजा न करता हा प्रश्न सहावीला दिला. मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून ते उलटे बसवले, बाजूला पट्टी चिकटवली आणि पर्जन्यमापक तयार केला. पहिली अडचण लगेच आली: बाटलीचा तळ सपाट नसतो, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर खोटे निघतात. मुलांनीच उपाय काढला, की तळाशी आधी पाणी भरायचे आणि पट्टीचे शून्य तिथून धरायचे. दुसरी अडचण रविवारची. सोमवारी सकाळी बाटलीत जे पाणी असते, ते दोन दिवसांचे. मग रोजची सरासरी काढताना ते एक दिवसाचे मोजायचे की दोन? तिसरी अडचण कोणाच्याच तक्त्यात नव्हती. चौकीदारांनी एके दिवशी बाटलीतले पाणी तुळशीला घातले. त्या दिवसाच्या रकान्यात शून्य लिहायचे की तो रकाना कोरा ठेवायचा, यावर वर्गात जवळजवळ दोन तास वाद झाला. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, आणि कोरे म्हणजे आम्हांला माहीत नाही, हा फरक एका मुलीने फळ्यावर लिहिला तेव्हा गणिताचे शिक्षक मला हळूच म्हणाले, की पुस्तकातून हे मी कधीच शिकवू शकलो नसतो.

पुढे त्याच आकड्यांचा उपयोग झाला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे कळले की सगळे गणित मुलांच्या हातात येते. इंदूरला वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. शाळेचे छत ४०० चौरस मीटरचे धरले, तर त्यावर वर्षाला तीन लाख ऐंशी हजार लिटर पाणी पडते. आकडा ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. सबंध शाळेला पुरेल, असे त्यांना वाटले. मग १३५ लिटरने भागल्यावर ते सात-आठ माणसांना वर्षभर पुरेल एवढेच निघाले. मुलांची घोर निराशा झाली, आणि ती होऊ द्यावी असे माझे मत आहे, कारण ‘पाणी वाचवा’ या घोषणेतून जे कळत नाही ते या भागाकारातून कळते.

‘मालव धरती गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर’ ही म्हण माळव्यातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. पावलागणिक पाणी असलेल्या भूमीला सत्तर किलोमीटरवरून पाणी का आणावे लागते, हा भाषेच्या तासाचा प्रश्न आहे आणि भूगर्भशास्त्राचाही. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून रोटी. परंतु तिच्या खालच्या काळ्या खडकात, दख्खनच्या लाव्हाच्या थरांत, पाणी साठायला जागा बेताचीच, म्हणून शहर वाढले तसे नीर आटले. आणि ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते, त्या मुलांकडे पाण्यात पाहणे, पाणी सोडणे, पाणी पाजणे, तोंडचे पाणी पळणे अशी मोठीच पुंजी असते. हिंदी माध्यमाच्या वर्गात ती मुले एरवी आपली मराठी लपवतात. त्या दिवशी मात्र आजीकडून विचारून आणलेले वाक्प्रचार सांगण्यासाठी त्यांचीच चढाओढ लागली होती.

आता गप्प बसणाऱ्या विषयांकडे वळते. बीजगणितातील समीकरणे, भूमितीतील रचना, इंग्रजीचे व्याकरण, यांचा नळाच्या पाण्याशी काही संबंध नाही, आणि तो जोडूही नये. कर्त्याखाली रेघ मारण्याच्या वाक्यात ‘नदी’ आली म्हणून व्याकरण पाण्याचे होत नाही. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापनाचे प्रमाण ठरवले आहे. यातले २०० तास, म्हणजे दिवसाला तासभरही नाही, प्रश्नाला द्यावेत आणि उरलेले ८०० तास ज्या त्या विषयाने आपल्या रीतीने चालावे. खेळाच्या सरांना त्यांचे मैदान परत द्यावे.

हे सगळे नवे आहे, असेही नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीम या गांधीजींच्या शिक्षणयोजनेत हस्तोद्योगाभोवती विषय गुंफण्याला ‘समवाय’ असा नेमका शब्द होता. आजच्या परिपत्रकांतल्या लांबलचक नावांपेक्षा तो मला अधिक आवडतो. त्या प्रयोगात समवाय ओढून ताणून साधला जातो, टकळीतून भूगोल काढला जातो, अशी टीका झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. आपल्याच राज्यात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नर्मदापुरम्‌मधील, सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, १९८२ नंतर एकलव्यने पुढे नेला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने बंद करेपर्यंत तो तीस वर्षे चालला. तो विज्ञानापुरता होता, पण त्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून वर्गात काय अडले ते एकमेकांना सांगत, आणि आठवीची परीक्षाही पद्धतीला साजेशी होती. मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिता येत आणि प्रयोगही करून दाखवावे लागत. आपल्याकडे वर्षाचा विषय येतो तो एका कागदावर, आणि शिक्षकांना एकत्र बसायला महिन्यातला एक तासही मिळत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी पहिली विनंती वेळेची आहे. मे महिन्याच्या सुटीआधी तीन दिवस या वर्गांच्या सर्व शिक्षकांना मोकळे ठेवावे, आणि सत्रात महिन्यातून एका शनिवारी दोन तास. या बैठकीत तक्ता न भरता एवढेच ठरवावे, की पुढच्या महिन्यात प्रश्न कुठे पोहोचेल आणि त्यासाठी कोणत्या दोन किंवा तीन विषयांची गरज आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दप्तराविना दहा दिवस वर्षअखेरीस एकदम उरकण्यापेक्षा जानापाव, सिरपूर, जलूद यांना वाटून द्यावेत. राज्य मंडळाच्या शाळांत आठवीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा असते, त्यामुळे पालकांना धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण धडे गाळले जात नाहीत, हे त्यांना जूनमध्येच लेखी सांगितले तर अर्धी धास्ती जाते. उरलेली अर्धी मुलांच्या वह्या बघून जाते. प्रदर्शन भरवायचे तर जरूर भरवावे, मात्र मूल्यमापन प्रत्येक मुलाच्या वहीचे व्हावे. गटाच्या चार्टावर ज्याचे अक्षर चांगले त्याचेच ज्ञान दिसते.

तीच मुले तीन वर्षे या वर्गांत असतात, म्हणून प्रश्नही तीन हवेत आणि ते फिरते हवेत. दुसऱ्या वर्षी ‘आपली माती काय पिकवते आणि आपण तिला काय परत देतो?’ हा प्रश्न घेता येईल. इंदुरातच, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या या शहरातल्या मुलांना तिचे नावही ठाऊक नसते. कापूस आणि गिरण्या त्याच प्रश्नात येतील. तिसरे वर्ष शहराचे ठेवावे. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला होता, आणि गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

यंदा मात्र पाणीच घ्यावे, असे मी सुचवते, आणि त्यासाठी आपल्या वाचकांकडे एक मागणे आहे. १९७० मध्ये नर्मदेचे पाणी इंदूरला मिळावे म्हणून शहरात आंदोलन झाले. त्यात तरुणपणी सामील झालेली, किंवा १९७८ च्या आधी विहिरीवर, तलावावर, सार्वजनिक नळावर रांगा लावलेली पिढी आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहे. सहावीच्या मुलांना इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगली माणसे मिळणार नाहीत. अशा आजी-आजोबांनी आपल्या नातवंडांच्या किंवा घराजवळच्या शाळेत एवढेच कळवावे, की जुलैतल्या एखाद्या शनिवारी अर्धा तास येऊन मी बोलेन. घरात तेव्हाची तांब्याची घागर किंवा विहिरीचा पोहरा शिल्लक असेल तर सोबत आणावा. घागरीत किती लिटर पाणी मावते, ते मुले तिथेच मोजून घेतील.

आपली,
एक शिक्षिका, इंदूर